बांधापलीकडे गेलेली शून्यं

नव्वदच्या दशकात मी धुळ्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये प्रयोगशाळेचा शिक्षक होतो. मायक्रोप्रोसेसर शिकवायला आमच्याकडे काही किटं होती. किट म्हणजे लाकडी पेटीत बसवलेली हिरवी पाटी. तिच्यावर काळ्या चिप, खाली कॅल्क्युलेटरसारखी बटणं आणि वर लाल पेटणारे चार-सहा आकडे. तिला पडदा नव्हता, आवाज नव्हता. बटणं दाबून एकेक आकडा आत घालायचा, शेवटी प्रोग्राम चालवायचा आणि लाल आकड्यांत उत्तर वाचायचं. जळगावला मी स्वतः अशाच किटवर शिकलो होतो, त्यामुळे मला त्या पाटीचं वेड होतं.

पण किटं टिकत नव्हती. आजूबाजूच्या शेतांतले पंप सुरू झाले की व्होल्टेज खाली बसायचं, बंद झाले की उसळायचं. स्टॅबिलायझर होता तो नावाला. दर उन्हाळ्यात एक-दोन किटं जळायची आणि नवी मागितली की वरून उत्तर यायचं, आहेत त्यात भागवा. शेवटी मी एका सुट्टीत कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम लिहायला घेतला. तो सुरू केला की पडद्यावर किटचं चित्र यायचं, वर इंग्रजी शीर्षक, खाली तीच बटणं, तेच लाल आकडे. नुसतं चित्र नव्हतं ते. किटमधली चिप प्रत्येक आज्ञेला जे करते ते सगळं माझा प्रोग्राम तिच्या वतीने करायचा. किटसाठी लिहिलेला कोणताही प्रोग्राम त्यात घातला तर तो जसाच्या तसा चालायचा. मुलं त्याला खोटं किट म्हणू लागली, पण सराव ती खऱ्या किटवरच करायची.

त्या खोट्या किटने पहिली बेरीज केली तो क्षण मला अजून आठवतो. कॉम्प्युटरला बेरीज येतच होती, त्यात नवल नव्हतं. पण ही बेरीज कॉम्प्युटरने केलेली नव्हती. त्याच्या पोटात बसलेल्या, तांब्याचा एक कणही नसलेल्या यंत्राने ती केली होती. त्या यंत्रात चालणाऱ्या प्रोग्रामला आपण कुठे आहोत हे कळायला काहीच मार्ग नव्हता. त्याच्या लेखी ते खरं किट होतं. मी खुर्चीवरून उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. शंकराच्या एखाद्या देवळात गाभाऱ्याच्या आत आणखी एक लहान गाभारा असतो, तिथे वाकून जाताना जसं वाटतं तसं वाटत होतं.

वार्षिक परीक्षेच्या तोंडावर उरलेली किटंही एका दुपारी गेली. प्रात्यक्षिक परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. मी म्हणालो, खोट्या किटवर घेऊ. बाहेरून आलेले परीक्षक जुन्या पिढीचे, सावध गृहस्थ होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दुसरा इलाज नव्हता.

इथे आमच्या मुलांची एक सवय सांगायला हवी. खऱ्या किटला बॅटरी असायची, म्हणून आधीच्या बॅचने घातलेले आकडे वीज गेली तरी आत राहायचे. त्या उरल्यासुरल्यावर आपला प्रोग्राम घातला की हमखास घोळ व्हायचा. आमची बहुतेक मुलं शेतकऱ्यांची. त्यांनी यावर आपला तोडगा काढला होता. किटवर बसलं की आधी एक चार ओळींचा प्रोग्राम घालायचा, जो पहिल्या पत्त्यापासून, म्हणजे आकडा ठेवायच्या आतल्या पहिल्या जागेपासून, शेवटच्या पत्त्यापर्यंत सगळीकडे शून्य लिहीत जाईल. याला ती वखर मारणं म्हणायची. पेरणीआधी शेतातलं तण काढून जमीन सपाट करतात, तसं. "मारला का वखर?" असं एकमेकांना विचारूनच ती कामाला लागायची. दुसऱ्या कुठल्या कॉलेजात ही रीत मी पाहिली नाही.

परीक्षेच्या सकाळी मी सगळ्यांना सांगितलं, "खोटं किट दर वेळी कोरंच सुरू होतं. इथे वखर लागत नाही."

त्या बॅचमध्ये साक्रीकडच्या एका खेड्यातली मुलगी होती. अभ्यासात हुशार, बोलायला कमी. तिचं हे त्या वर्षाचं शेवटचं प्रात्यक्षिक होतं आणि तिचे वडील तिला घरी न्यायला आले होते. व्हरांड्यातल्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून ते बसले होते.

परीक्षा सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. तिच्या कॉम्प्युटरचा पडदा चमकला, वरचं शीर्षक गेलं, लाल आकड्यांच्या जागी वेडीवाकडी चिन्हं आली आणि मशीन एकसुरी किंचाळायला लागलं. सगळी मुलं वळून पाहू लागली. परीक्षक तिच्यापाशी गेले.

"काय केलंस?"

"काही नाही, सर. प्रोग्राम घालत होते."

"पिशवीत काय आहे?"

पिशवीत एक फ्लॉपी निघाली. दुसऱ्या विषयाच्या कामाची होती, तिने तसं सांगितलंही. पण त्या दिवसांत बाहेरची फ्लॉपी म्हणजे व्हायरस, हे समीकरण डोक्यात पक्कं होतं. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर आम्ही चपला काढायला लावायचो, तेवढी त्या मशिनची भीती होती. परीक्षकांनी फ्लॉपी दोन बोटांत धरून माझ्याकडे पाहिलं.

"हे तुमच्या प्रोग्राममुळे झालं असण्याची शक्यता आहे का?"

माझ्या आयुष्यातलं जे वाक्य मला परत घ्यायचं आहे ते मी तेव्हा बोललो. "शक्यच नाही, सर. खोट्या किटच्या आत कोणी काहीही केलं तरी ते आतच राहतं. बाहेर काही येऊ शकत नाही."

मी खोटं बोलत नव्हतो. मला तसं खरंच वाटत होतं, आणि वर्गासमोर ते सांगताना मला अभिमानही वाटत होता. पण त्या वाक्याने काय झालं ते दिसायला वेळ लागला नाही. दोष किटमधून आला नसेल तर तो फ्लॉपीतूनच आला. परीक्षक म्हणाले, "मग हिची परीक्षा मी थांबवतो. पुढच्या वर्षी बसेल." आणि ते दुसऱ्या मुलांकडे वळले.

ती मुलगी रडली नाही. ती माझ्यामागे शेजारच्या खोलीत आली, जिथे माझं मशीन होतं.

"सर, मी फक्त वखर मारला."

"मी सांगितलं होतं ना, लागत नाही म्हणून?"

"सांगितलं होतं. पण दुसऱ्याने साफ करून दिलेल्यावर मला भरवसा वाटत नाही."

"वखर मारल्याने काय होणार आहे? शून्यंच तर लिहितेस."

"मग इथे मारून बघू का? फ्लॉपी त्यांच्याकडेच आहे."

मी कंटाळून खुर्ची तिच्याकडे सरकवली. तिने त्या चार ओळी घातल्या, चालवल्या. पडदा चमकला, शीर्षक गेलं, मशीन किंचाळू लागलं.

दोष माझा होता, आणि तो काय होता ते मला उभ्याउभ्याच कळलं. खऱ्या किटला पत्ते खूप असतात, पण त्यांतल्या थोड्याच पत्त्यांवर चिप असते. बाकीच्या पत्त्यांवर काही लिहिलं तर ते हवेत जातं. म्हणून मुलं बिनधास्त शेवटच्या पत्त्यापर्यंत वखर न्यायची. मी खोट्या किटला कॉम्प्युटरच्या मेमरीतली जागा दिली होती ती चिपपुरतीच. त्यापुढच्या पत्त्यावर कोणी लिहू लागलं तर त्याला अडवणारी ओळ लिहायची माझ्या मनातच आली नव्हती, कारण तिथे काही नसतं हे मी इतक्या वेळा शिकवलं होतं. आणि इथे तिथे काही नसतं असं नव्हतं. किटची जागा संपली की लगेच पलीकडे माझ्या प्रोग्रामचं स्वतःचं सामान सुरू होत होतं. दोघांमध्ये बांध नव्हता. वखर सरळ दुसऱ्याच्या शेतात शिरला होता.

तेव्हाच्या तेव्हा शेजारच्या खोलीत जाऊन परीक्षकांना हे सांगायला हवं होतं. चार पावलांचं काम होतं. मी गेलो नाही. घाबरून गेलो नाही असंही म्हणता येणार नाही. मी गेलो नाही कारण मला पुढे काय आहे ते बघायचं होतं.

"सगळीकडे शून्य नको," मी मशीन पुन्हा सुरू करत म्हणालो. "किट संपतं तिथून पुढच्या एकाच पत्त्यावर एक अक्षर लिही."

तिने लिहिलं. पडद्यावर वर जे इंग्रजी शीर्षक होतं त्याचं पहिलं अक्षर बदललं.

ते शीर्षक किटच्या बाहेरचं होतं. किटला शीर्षक म्हणजे काय हे माहीत नव्हतं, पडदा म्हणजे काय हे माहीत नव्हतं. चित्रातल्या माणसाने हात पुढे करावा आणि चौकटीवर बोटाचा ठसा उमटावा, तसं ते होतं.

"आणखी पुढे जाऊ?" तिने विचारलं.

ती एकेक पत्ता पुढे सरकत राहिली. मी शेजारी बसून कागदावर आडाखे बांधत होतो. एका पत्त्यावर पडद्याचा रंग सापडला. ती आकडा बदलायची आणि निळा पडदा हिरवा व्हायचा. एका पत्त्यावर खोट्या किटचा वेग सापडला. किटच्या आत चालणारा प्रोग्राम स्वतःच्या जगाचा काळ मागेपुढे करत होता आणि त्याला ते कळत नव्हतं. मग आम्ही अशा जागी आलो जिथे मी एक तक्ता ठेवला होता. कोणती आज्ञा आली की माझ्या प्रोग्रामने कोणतं काम करायचं, त्या कामांचे पत्ते त्यात ओळीने होते. चुकीचं बटण दाबलं की कॉम्प्युटरने एक बारीक शिट्टी वाजवावी असंही एक काम मी लिहून ठेवलं होतं. तिने कागदावरून तो पत्ता उचलला आणि बेरजेच्या जागी ठेवला.

"आता बेरीज करायला सांग," मी म्हणालो.

तिने किटला दोन आणि दोनची बेरीज करायला सांगितली. शिट्टी वाजली.

त्या किटला आवाज नव्हता. ज्या चिपवरून मी ते उभं केलं तिच्या घडणीतच आवाज नव्हता. तरी आतून दिलेल्या आज्ञेवर बाहेरचं खरं मशीन बोललं होतं. मी जे बंद खोकं बनवलं असं समजत होतो ते खोकं नव्हतंच. आत आणि बाहेर एकाच जमिनीवर होतं. मधली भिंत म्हणजे मी लिहिलेल्या काही ओळी, आणि जिथे मी ओळ लिहायला विसरलो तिथे भिंत नाही. सगळ्या आभासाचा आधार एवढाच होता. मला भीती वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. मी म्हणालो, "थांब, अजून एक करून बघू."

ती थांबली. तिने दाराकडे पाहिलं. "सर, परीक्षकांना..."

"हो, सांगू. हे एवढं झालं की जाऊ."

ते एवढं कधी झालं मला माहीत नाही. दारात तिचे वडील उभे होते. त्यांची टोपी आता डोक्यावर होती. ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले,

"सर, तो साहेब गया. रिक्षामा बसना नि टेसनवर गया." त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आमनं काय ठरनं?"

बाहेर ऊन उतरलं होतं. प्रयोगशाळा रिकामी होती. त्या माणसाने दिवसभर बाकावर बसून आमच्या दाराकडे बघत काढला होता आणि आम्ही आत पडद्याचे रंग बदलत होतो. मुलीने मान खाली घातली. ते मला म्हणाले, "मनी पोर लबाड नही शे."

"मला माहीत आहे, आबा," मी म्हणालो. आणि स्कूटर काढली.

धुळ्याहून चाळीसगावला जाणारी पॅसेंजर निघायच्या बेतात होती. परीक्षक खिडकीशी बसून शेंगा सोलत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो तेव्हा गाडी हलली. तिकीट काढायला वेळ नव्हता. ते त्यांनी आधी ओळखलं आणि मग बोलले.

"काय हो, व्हायरस सापडला?"

"व्हायरस नव्हता, सर. चूक माझ्या प्रोग्रामची आहे."

"सकाळी तुम्ही म्हणालात बाहेर काही येऊ शकत नाही."

"हो."

"आता म्हणता येतं."

"हो."

"मी सकाळच्या साहेबांवर विश्वास ठेवू की संध्याकाळच्या?"

मी जे पाहिलं ते पहिल्यापासून सांगू लागलो. वखर काय असतो, मुलं तो का मारतात, किटची जागा कुठे संपते, शीर्षकाचं अक्षर कसं बदललं. सुरुवातीला ते शेंगा सोलतच होते. शिट्टीपाशी आलो तेव्हा त्यांचे हात थांबले.

"बेरजेच्या आज्ञेने शिट्टी वाजवली?"

"हो, सर."

"आणि त्या आतल्या किटला माहीत होतं का, की आपण बाहेर काहीतरी करतोय म्हणून?"

"नाही, सर. त्याच्या मते ते रिकाम्या पत्त्यावर एक आकडा लिहीत होतं."

ते खिडकीबाहेर बघू लागले. कापणी झालेली शेतं मागे जात होती. मग ते हळूच म्हणाले, "चमत्कारिक आहे हे," आणि थोड्या वेळाने पुन्हा, "फार चमत्कारिक आहे." त्यांनी सोललेल्या शेंगांचे दाणे माझ्या हातावर ठेवले. मग त्यांना एकदम आठवल्यासारखं झालं. "हे सगळं तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्ही पलीकडच्या खोलीत होतात तेव्हाच, सर. अकराच्या सुमाराला."

"आणि तुम्ही संध्याकाळी गाडीत येऊन सांगताय."

"हो."

"दिवसभर करत काय होतात?"

"बघत होतो," मी म्हणालो. यापेक्षा वेगळं काही सांगण्यासारखं नव्हतं.

त्यांनी मला रागावायला हवं होतं, पण ते रागावले नाहीत. मला वाटतं त्यांना ते समजलं होतं, आणि म्हणूनच मला जास्त लाज वाटली. ते म्हणाले, "उद्या जळगावला माझी परीक्षा आहे. तिथे खरी किटं आहेत. तिला आणा. पण आधी हे सगळ्यांसमोर करून दाखवायचं. दिसलं तर मी तिची परीक्षा घेतो. नाही दिसलं तर तिच्याबरोबर तुमचंही नाव वर कळवतो."

चाळीसगावहून परतीची एसटी पकडून मी धुळ्याला आलो. बापलेक तिच्या एका नातेवाइकाकडे उतरली होती. दुसऱ्या दिवशी पारोळ्यावरून जळगावला जाणाऱ्या पहिल्या गाडीने आम्ही तिघं निघालो. वाटेत तिचे वडील थोड्या थोड्या वेळाने विचारत होते.

"मोडं कोनी, पोरनी का तुम्ही?"

"मी, आबा."

"मंग बठ्ठा पोरले काबर बोलतस?" सगळे पोरीलाच का बोलतात, हे त्यांना उमगत नव्हतं.

जळगावचं कॉलेज माझंच जुनं होतं. मी जिथे शिकलो त्याच प्रयोगशाळेत, मला शिकवलेल्या मास्तरांसमोर, मी माझ्या प्रोग्रामची फ्लॉपी घातली. कळफलकापाशी मात्र तिला बसवलं. परीक्षक मागे हात बांधून उभे होते. तिने एका पत्त्यावर एक अक्षर लिहिलं आणि शीर्षक बदललं. कोणीतरी म्हणालं, "परत कर." तिने परत केलं. मग तिने रंग बदलला, आणि मग बेरजेची आज्ञा देऊन शिट्टी वाजवली. माझे जुने मास्तर चष्मा काढून पडद्याच्या अगदी जवळ गेले, जणू काचेच्या आत कोणी बसलं असावं. त्यांनी मला विचारलं, "हे तू बनवलंस?" मी म्हणालो, "खोकं मी बनवलं. बाहेर यायची वाट हिने काढली."

परीक्षकांनी तिला खऱ्या किटवर बसवलं आणि आम्हाला बाहेर घालवलं.

आज पन्नाशी उलटल्यावर मी वाचतो की मोठाल्या कंपन्यांच्या एकेका खऱ्या यंत्रात अशी कितीतरी खोटी यंत्रं शेजारी शेजारी चालतात, कोणात बँकेचा कारभार असतो, कोणात दवाखान्याचा. आणि मधूनमधून बातमी येते की एका खोट्या यंत्रातून बाहेर यायची फट कोणाला तरी सापडली. तरुण सहकारी म्हणतात, एवढ्या हुशार लोकांकडून इतकी साधी ओळ राहते कशी. मला ते व्हरांड्यात बसून राहिलेले आबा दिसतात.

त्या दिवशी जळगावलाही ते माझ्याशेजारी बाकावर बसले होते. दार उघडलं तेव्हा आधी परीक्षक आले. ते त्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, "पोरीला पुढच्या वर्षाची पुस्तकं घेऊन द्या." आबांना ते पटकन उमगलं नाही. मी समजावून सांगितल्यावर ते उठले आणि कोणाला नमस्कार करावा हे न कळून त्यांनी दाराला केला.

मुलगी मागून आली. मी तिचं अभिनंदन केलं. ती चपला घालत म्हणाली, "सर, एक सांगू?"

"सांग."

"काल आबांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मला ते माहीत होतं. तरी मीही उठले नाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने माझ्या चुकीतला अर्धा वाटा स्वतःकडे ओढून घेतला होता, आणि तो तिचा नव्हता. मी तसं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "चला, स्टँडजवळ शेव-भाजी बरी मिळते," आणि आम्ही तिघं निघालो. आबा पुढे चालत होते. ती माझ्याशेजारी आली आणि हळू आवाजात विचारू लागली, त्या तक्त्याच्या पुढच्या पत्त्यांवर काय असेल म्हणून.